ईशान्येची खोली

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. बंद पडलेली भातगिरणी, जमिनीवर कोंड्याचा थर, कौलांच्या फटींतून आलेलं ऊन, आणि एवढ्या मोठ्या जागेत वेताच्या स्टुलावर एकटा सत्तरीचा माणूस. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खाली वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं नेसायचं धोतर. मी खाकरले. त्यांनी मागे न पाहताच हात वर केला. मी थांबले. पाच-सात मिनिटांनी त्यांनी खिशातून खडू काढला, वाकून उन्हाच्या कडेला रेघ मारली, तिच्याशेजारी वेळ लिहिली आणि मग वळले.

"हां, अत्ता बोला. पुण्याच्या बाई तुम्हीच काय?"

मी सोलापूरची, नोकरी पुण्यात, असं मी सांगितलं.

"पत्र पुण्याहून आलें. मग पुण्याच्याच," ते म्हणाले. पुढची तीन वर्षं मी पुण्याचीच राहिले.

तमिळ माणसं तंजावरच्या मराठी माणसाला 'रायर' म्हणतात. ऑफिसात सगळे त्यांना तेच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर ते लोकांना घरं, दवाखाने, शाळा बांधायला सल्ला द्यायचे. आमच्या कंपनीला तंजावरला शंभरेक माणसांचं ऑफिस उघडायचं होतं. विम्याचे कागद तपासायचं काम, त्यामुळे माणसं सगळी दिवसभर बसून. ऑफिस पर्यावरणाला धरून हवं, सामाजिक जबाबदारी पाळणारं हवं आणि तसं प्रमाणपत्र भिंतीवर लागायला हवं, असा वरून हुकूम होता. या सगळ्याचा अहवाल लिहायला मला पाठवलं होतं. मला तमिळ येत नव्हतं आणि रायरांचं इंग्रजी नकाशांपुरतं होतं. त्यांच्याशी मराठीत बोलेल असं कोणी हवं, हे माझ्या निवडीचं खरं कारण.

त्यांच्या मराठीला माझे कान आधी अडखळायचे. 'आहे'ला 'अहे', 'जातो'ला 'जातों', आणि 'मी विचारलं' असं न म्हणता 'मी विचारलों'. वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. मधूनच 'सरी' म्हणायचे, म्हणजे 'बरं'. महिनाभरात माझ्याच बोलण्यात ते 'सरी' शिरलं.

सात आठवडे त्यांनी एकही नकाशा काढला नाही. रोज मोपेडच्या मागे स्टूल बांधून यायचे, गिरणीचा एक कोपरा निवडायचे आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत तिथे बसायचे. जेवण तिथंच, डब्यातलं ताकभात आणि लोणचं. गळ्यात दोऱ्याला अडकवलेला थर्मामीटर असायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा कोपरा. सगळी जमीन खडूच्या रेघांनी भरून गेली. आमचे मॅनेजर चेन्नईचे, चाळिशीतले, घाईचे. ते एकदा मला म्हणाले, "त्यांना विचारा, काम कधी सुरू करणार?"

मी विचारलं. रायर म्हणाले, "लोक इथं आठ तास बसणार म्हणतात. मी तेवढें बसून पाहतों. त्यांनी नंतर बसून माझ्या नावानं ओरडण्यापेक्षां बरें."

कंपनीला गिरणी पाडून काचेची इमारत हवी होती. ती वाचली रायरांमुळे. त्यांनी भांडण केलं नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी मॅनेजरना जवळच्याच एका नव्या काचेच्या शोरूममध्ये नेऊन खिडकीशी उभं केलं, मग गिरणीत आणून दोन हात जाड भिंतीशी उभं केलं. दोन्ही ठिकाणी थर्मामीटर दाखवला. मॅनेजरनी रुमालानं मान पुसली आणि वरच्यांना पत्र लिहिलं. जुनी इमारत वापरली की प्रमाणपत्रासाठी गुण मिळतात, हे नंतर कळलं. मग वरचेही खूश.

पुण्याच्या डिझायनरनं आतल्या भिंतीवर वेलींची हिरवी भिंत सुचवली होती. पंपानं पाणी, वर दिवे. रायरांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"ह्याला उजेड वीज देणार, पाणी वीज देणार. मग झाड काय करणार?"

त्याऐवजी त्यांनी पश्चिमेच्या खिडक्यांबाहेर करंजाची रोपं लावली. सावली किती दिवसांत पडेल असं मॅनेजरनी विचारलं.

"सा वर्षें."

"आपलं लीज पाच वर्षांचं आहे."

"झाडाला तें ठाऊक नाहीं," रायर म्हणाले आणि आळं करायला वाकले.

ते नेहमीच बरोबर असायचे असं नाही. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये एसी लागणार नाही, असं त्यांनी छातीठोक सांगितलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात चाळीस मुलं-मुली आणि तेवढेच कॉम्प्युटर एकत्र बसले तेव्हा हॉलची भट्टी झाली. ओरत्तनाडूहून येणारी एक मुलगी चक्कर येऊन पडली. रायरांना बोलावलं. मॅनेजर चिडलेले होते, त्यांनी सगळ्यांसमोर जाब विचारला. मला वाटलं, म्हातारा आता वाद घालणार. ते म्हणाले, "चुकलों. रिकामें असतां बसून पाह्यलों. माणसं भरून पाह्यलों नाहीं." मग त्या मुलीकडे गेले, तिची तमिळमध्ये माफी मागितली आणि पुढचे आठ दिवस, एसी बसेपर्यंत, त्याच हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसून घाम गाळला. कोणी सांगितलं नव्हतं.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. एका रविवारी जेवायला बोलावलं. घरात एकच खुर्ची, ती पाहुण्यासाठी. तीही मी बसल्यावर त्यांनी दोनदा हलवली, आधी वाऱ्याच्या दिशेला, मग पुन्हा थोडी मागे. त्यांच्या बायको डांगर पचडी वाढत होत्या, भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. त्या हसून म्हणाल्या, "लगीन झाल्यावर सा महिने हे माझा चुलाच फिरवत होते. आज हिकडे, उद्या तिकडे. शेवटीं मी माहेरीं जातें म्हटलें, तेव्हां चुला जागेवर बसला."

"पण अत्ता पाठ दुखते काय?" रायरांनी विचारलं.

"नाहीं," त्या म्हणाल्या. आणि ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू एखादा खटला जिंकला आहे.

त्यांच्या घरातल्या मुलांना मराठी समजायचं, पण ती उत्तर तमिळमध्ये द्यायची. देवनागरी घरात कोणालाच वाचता येत नव्हती, त्यांनाही नाही. ते मराठी लिहायचे तमिळ लिपीत. त्यांची निरीक्षणांची वही अशी मजेशीर झाली होती: ऑफिसातल्या तमिळ लोकांना अक्षरं वाचता यायची पण अर्थ लागायचा नाही, आणि मला अर्थ लागला असता पण अक्षरं वाचता यायची नाहीत. मला काही समजून घ्यायचं असलं की ते स्वतः वाचून दाखवायचे.

आता त्या खोलीकडे येते.

गिरणीचा ईशान्येचा कोपरा सगळ्यांत गार. खडूच्या रेघा तिथं जवळजवळ नव्हत्याच. मोठी खिडकी, पलीकडे कालवा. तिथं डायरेक्टरांची केबिन होणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. रायरांनी नकाशा मांडला तेव्हा त्या कोपऱ्यात लिहिलं होतं: सफाईच्या बायकांची विश्रांतीची खोली.

मॅनेजरना वाटलं, चूक झाली. रायर म्हणाले, "डायरेक्टर महिन्याला दोन दिवस येतात. तेही बसूनच असतात. ह्या सा जणी पहांटे उठून येतात, दिवसभर उभ्या. कोणाला गार जागा पायजे, तुम्हीच सांगा."

वरच्यांनी हे मान्य केलं. मोठ्या मनानं केलं असं नाही. कंत्राटी कामगारांसाठी सोयी असल्या की सामाजिक जबाबदारीच्या सदरात गुण मिळत होते, हे मीच त्यांना लिहून कळवलं होतं. खोली झाली. चार खाटा, डबे ठेवायला फळी, साड्या बदलायला पडदा, हात-तोंड धुवायला बेसिन. सहा जणींमध्ये सेल्वी वयानं मोठी, पापनाशमहून पहिल्या पॅसेंजरनं यायची. पहिल्या दिवशी ती खाटेवर बसेना. रायरांनी दोनदा सांगितलं तेव्हा कडेला टेकली, आणि मी तेवढ्यात फोटो काढला. खिडकीतून उजेड, सेल्वीचा हसरा चेहरा. अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच गेला.

तीन महिन्यांनी, सुरुवातीला दुसऱ्या शाखेतून आणलेले जुने कॉम्प्युटर बदलले. प्रमाणपत्राचा नियम असा की जुनी यंत्रं भंगारवाल्याला द्यायची नाहीत, परवानाधारक माणूस येऊन नेईपर्यंत कोरड्या, बंद जागेत ठेवायची. परवानाधारक माणूस तिरुच्चीचा, तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. कोरडी, बंद करता येणारी खोली एकच होती. खाटा उभ्या करून भिंतीला लावल्या, खोकी छतापर्यंत रचली, कुलूप घातलं. मॅनेजर म्हणाले, "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे." पंधरा दिवसांचे पाच महिने झाले.

बायका परत गेल्या ते मागच्या स्वच्छतागृहाजवळ, पाइप जातात त्या अरुंद बोळात. प्लास्टिकचा क्रेट उलटा घालून त्या तिथं जेवायच्या. पाणी भरून आणायला मी रोज त्या बोळावरून जायची. मला दिसत होतं. पुढच्या अहवालातही तोच फोटो होता.

रायरांचं काम संपलं होतं, पण करारात महिन्यातून एकदा येऊन पाहणी करणं होतं. मधल्या महिन्यांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते आले नाहीत. आले तेव्हा सरळ ईशान्येच्या कोपऱ्यात गेले, कुलूप पाहिलं, दाराच्या काचेतून आत पाहिलं. मग सेल्वीला शोधत बोळात गेले. जेवणाची वेळ होती. मी बाटली घेऊन आले तेव्हा ते बोळात स्टूल टाकून बसले होते, गुडघे जवळ घेऊन. सेल्वी क्रेटवर, बाकीच्या उभ्या. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं.

"तो फोटो तुम्ही काढलां होता ना?"

"हो."

"बरा आला होता," ते म्हणाले आणि थर्मामीटर पाहू लागले.

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी बाटली न भरताच परतले.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. साडेबाराला बोळात, बायकांबरोबर जेवण, दीडला परत. पाहणीला महिन्यातून एकच दिवस असं मॅनेजरनी सुनावलं, तर म्हणाले, "बाकीचे दिवस माझ्या हिशेबीं धरा." आठव्या दिवशी फाटकावर त्यांना अडवलं. त्यांनी हुज्जत घातली नाही. खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली, रखवालदाराच्या हातात दिली आणि सांगितलं, "ऑडिटला येतील त्यांना द्यायची."

ऑडिट तीन आठवड्यांवर होतं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा माणूस येणार होता आणि त्यांच्या यादीत एक ओळ होती: वापर सुरू झाल्यानंतरची, नकाशे आखणाऱ्याची निरीक्षणं. दुसरं काही नव्हतंच, ही वहीच होती. मॅनेजरनी ती उलटसुलट केली आणि मला बोलावलं.

"भाषा तुमची आहे. इंग्रजीत सारांश करा. स्वच्छ, दोन पानांचा. कळलं ना?"

कळलं. पण अक्षरं वाचून दाखवायला कोणी हवं होतं. कागद तपासणाऱ्यांपैकी एकाही माणसाला तासभर सोडायला ते तयार नव्हते. म्हणाले, "सेल्वीला घ्या. आठवीपर्यंत शिकलीय ती."

आम्ही दोघी छोट्या मीटिंग रूममध्ये बसलो. सेल्वी खुर्चीच्या टोकावर, वहीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होती. तिला अर्थ कळत नव्हता. तमिळ लिपीत 'ख' नाही, म्हणून खिडकीची 'किडकी' व्हायची, खोलीची 'कोली'. मी मनातल्या मनात जुळवून टाइप करत होते. पहिली पानं साधी होती. कुठल्या टेबलावर दुपारी तिरीप येते, कुठला पंखा आवाज करतो. मग बोळाची पानं आली.

तिनं वाचलेलं मी जुळवलं ते असं: जागा, पाइपांचा खांचा. बसलों साडेबारा ते दीड. उष्मा छत्तीस. रुंदी दोन हात. दोघी बसल्या तर तिसरीनं उभें राह्यचें. सेल्वी डावेकडे सरकून बसते, उजवेकडचा पाइप गळतो.

आपलं नाव वाचल्यावर ती थांबली. बोट तिथंच ठेवून तिनं मला विचारलं, "माझ्याबद्दल काय आहे?"

माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी सांगितलं. तू डावीकडे सरकून बसतेस. पाणी अंगावर पडतं म्हणून.

तिनं पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. "हे लिहिलंय?"

"हो."

"एवढं?" ती म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढं वाचू लागली, आता जरा मोठ्यानं.

खोली असतां इथं कां बसतां म्हणून विचारलों. खोलींत कॉम्प्युटर बसलेत म्हणाल्या. आणि खाली एक ओळ: पुण्याच्या बाई रोज इथून जातात. पाहतात. थांबत नाहींत.

सेल्वीनं हेही सरळ वाचून टाकलं, तिला काही कळलं नव्हतं. माझे हात कीबोर्डवर थांबले. तिनं विचारलं, "हे काय होतं?" मला तमिळमध्ये सांगता येईना. शब्द येत नव्हते म्हणून नाही. तेवढे तीन-चार शब्द मला येत होते. ती वाट पाहत बसली. मी सांगितलं.

सेल्वीनं मान डोलावली. "बरोबर आहे," ती म्हणाली. रागानं नाही. गाडी वेळेवर आहे का विचारल्यावर सांगावं, तसं.

सारांश केला नाही. जेवढं होतं तेवढं सगळं टाइप केलं, माझी ओळही ठेवली. मॅनेजरना दाखवलं नाही. ऑडिटरला ठरल्याप्रमाणे कागदपत्रं पाठवायचं काम माझंच होतं, त्यांतच हे जोडलं. पाठवल्यावर मला भीती वाटली. घरी जाऊन पुण्यात असलेल्या नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, नोकरीचं बघून ठेव.

ऑडिटच्या सकाळी मी पोचले तेव्हा खोकी नव्हती. मॅनेजरनी टेम्पो बोलावून ती कुठल्याशा भाड्याच्या गाळ्यात हलवली होती. खाटा मांडलेल्या, नव्या चादरी, फळीवर डबे, पडदा धुतलेला. पाच महिने जे जमत नव्हतं ते एका सकाळीत झालं होतं. सहाही जणींना आत बसवून ठेवलं होतं.

ऑडिटर कोइमतूरच्या एक बाई होत्या, बारीक, चष्मा लावलेल्या. त्यांनी सगळं ऑफिस पाहिलं, वीज-पाण्याच्या नोंदी पाहिल्या, शेवटी खोलीत आल्या. खिडकीतून कालव्याकडे पाहत म्हणाल्या, "छान आहे." मॅनेजर हसले. मग त्या सेल्वीकडे वळल्या आणि तमिळमध्ये विचारलं, "तुम्ही इथं कधीपासून जेवता?"

मॅनेजर सेल्वीकडे पाहत होते. मी जमिनीकडे पाहत होते.

"आज सकाळपासून," सेल्वी म्हणाली.

ऑडिटर बाईंनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "मला तो पाइपांचा बोळ दाखवता का?" सेल्वी पुढं झाली, बाई तिच्यामागे.

प्रमाणपत्र तेव्हा मिळालं नाही. सहा महिन्यांत कधीही, न कळवता येऊन पाहू, खोली वापरात दिसली तर देऊ, असं त्यांनी कळवलं. त्यामुळे खोली बायकांकडे राहिली. कुणाच्या चांगुलपणावर ती राहिली नाही, तपासणीच्या धाकानं राहिली. मला विचाराल तर तेवढंही चालेल. मॅनेजर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले आणि पावसाळ्यानंतर माझी बदली पुण्याला झाली. रायरांचा करार पुढं वाढवला नाही.

हे सगळं सांगायला मी त्यांच्या घरी गेले होते. वाटलं, खूश होतील. त्यांनी विचारलं, "त्या खिडकीचें वरचें दार उघडतें काय? तें अडकायचें." मी पाहिलं नव्हतं. "मग पाहून सांगा," ते म्हणाले. वहीतल्या माझ्या ओळीबद्दल मी बोलायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं, आणि बायकोला कॉफी आणायला सांगितलं.

मी निघायच्या आठवड्यात, एका दुपारी, ते ऑफिसात दिसले. मी फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, यांना सोडलं कसं? त्यानं पाहुण्यांची नोंदवही पुढं केली. 'कोणाला भेटायचं' या रकान्यापुढं लिहिलं होतं: सेल्वी, सफाई विभाग. सेल्वीनं स्वतः फाटकावर येऊन, माझे पाहुणे आहेत, असं सांगून त्यांना आत नेलं होतं. स्टाफच्या पाहुण्याला अडवायचा नियम नव्हता.

मी खोलीकडे गेले. दार अर्धं उघडं होतं. ते खाटेवर बसले नव्हते, खिडकीखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. पुढ्यात केळीच्या पानावर लिंबूभात, अर्धा खाल्लेला. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. झोपले होते. बायका भोवती जेवत होत्या, एकमेकींशी अगदी हळू बोलत. मला पाहून सेल्वीनं ओठांवर बोट ठेवलं.

मी दाराशीच बसले. कोणीतरी माझ्या हातात लाडू दिला. दीड वाजला तशा त्या एकेक करून उठल्या, डबे आवाज न करता फळीवर ठेवले आणि कामाला गेल्या. सगळ्यांत शेवटी सेल्वी. तिनं खिडकीचं वरचं दार ढकललं, ते सहज उघडलं. मग तिनं मला बाहेर यायची खूण केली आणि खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.